कागदाची तिजोरी

बोरी अरब, ता. दारव्हा
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय अवधूत,

जय भीम. पाकीट पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन करून उपयोग नाही म्हणून लिहितो आहे. गेल्या पोळ्यापासून माझा उरलासुरला उजवा कानही बंद पडला. यंत्र लावलं की भांडी आपटल्यासारखा आवाज येतो, शब्द एक येत नाही. घरात माझ्याशी बोलायचं तर कांताबाई आणि पुतण्या रवी पाटीवर लिहून दाखवतात. पस्तीस वर्षं पोरांच्या पाट्या तपासल्या, आता घरच्यांच्या तपासतो. मोबाइलवर बोट एका अक्षरावर पडतं आणि उमटतं भलतंच, तेव्हा आपलं पोस्टच बरं.

काम तिजोरीचं आहे. यवतमाळला आपण दोघं मास्तरकी शिकलो, तू तीन वर्षांत ती सोडून तिजोऱ्यांच्या कारखान्यात गेलास, आगीत तिजोऱ्या घालून तपासायला. तेव्हा आम्ही तुला वेड्यात काढलं होतं. आज तुझीच गरज पडली.

मी म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करत हिंडायचो, ते तुला माहीत आहे. किती केलं ते माहीत नसेल. एक्केचाळीस माणसं. छप्पन साली ज्यांनी धर्म बदलला आणि त्यानंतर गावागावांत ज्यांनी जे सोसलं ते त्यांच्याच तोंडून. दारव्हा, नेर, राळेगाव, जिथं कुणी सांगायला तयार झालं तिथं एसटीनं गेलो. एक्केचाळीसपैकी आज जिवंत आहेत तीन, आणि त्यातल्या दोघांना आता काही आठवत नाही. सगळं दोन हार्ड डिस्कवर आहे. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून दोन. दोन्ही घरातल्या लाकडी कपाटात आहेत.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीत एक घर जळलं. अर्ध्या तासात होत्याचं नव्हतं झालं. आमच्याही पुढच्या खोलीत रवीचा कापूस आढ्यापर्यंत भरलेला आहे, भाव चढायची वाट पाहत. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही. यवतमाळच्या दुकानात आगीची तिजोरी पाहून आलो. लेबलवर एक तास लिहिलं आहे. घेऊ का? लवकर कळव. तुझ्या ऑपरेशनचं काय झालं तेही लिही.

तुझा
रामराव

०

पुणे
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय रामराव,

तुझं अक्षर पाहून बरं वाटलं. अजून तसंच आहे, फळ्यावर लिहिल्यासारखं. माझ्या खुब्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं. आता मुलगी गौरी मला अंगणवाडीतल्या पोरासारखं भिंत धरून चालवते आणि चार पावलं टाकली की टाळ्या वाजवते. प्रवासाचं नाव काढायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम आहे, नाहीतर स्वतः येऊन तिजोरी ठोकून पाहिली असती.

तू विचारलंस ते मी झोपेतही सांगेन. लेबल कारखान्याचं आहे ना? एक तास लिहिलं आहे ना? दार बंद केल्यावर फटीत पोस्टकार्ड शिरत नाही ना? मग डोळे मिटून घे. मी असल्या तिजोऱ्या भट्टीतून लाल झालेल्या काढल्यात आणि आतली वर्तमानपत्रं बाहेर काढून वाचलीत. खेड्यात एक तासाच्या वर कुठली आग चालते?

पण खरं सांगू, तिजोरीपेक्षा सोपा उपाय आहे. एक प्रत मला पाठव. मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो. बोरीत आग लागली तर पुण्यात प्रत आहे, संपलं. गौरी म्हणते, काका तयार असतील तर इंटरनेटवर चढवून देते, मग कुठल्याच आगीची भीती नाही. उलट टपाली कळव.

कांतावहिनींना नमस्कार.

तुझा
अवधूत

०

बोरी अरब
१ मार्च २०२५

प्रिय अवधूत,

जय भीम. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिजोरी घेतली. पिकअपमधून आली. उतरवायला आठ माणसं लागली आणि आठांचे सोळा सल्ले. मला एकही ऐकू आला नाही हे त्यातल्या त्यात बरं. मधल्या खोलीची फरशी तिच्या वजनानं तडकली, म्हणून रवीनं ती पुढच्या खोलीत नेली. तिथली जमीन काँक्रीटची आहे. वरून कापूस लोटून दिला. पाटीवर लिहिलं, 'चोराले दिसन नाही, काका.' मलाही पटलं. आमच्याकडे दागिनेसुद्धा कापसातच ठेवतात.

आत दोन्ही डिस्क ठेवल्या आणि अंगठ्यांची वही ठेवली. ती वही काय ते सांगतो, म्हणजे प्रतीचा विषय निघणार नाही. प्रत्येकाचं बोलणं घेण्याआधी मी वहीत लिहून दिलं आहे: हे रेकॉर्डिंग रामरावच्या घराबाहेर जाणार नाही, दुसऱ्याच्या हाती दिलं जाणार नाही, मेल्यानंतर दहा वर्षं कुणाला ऐकवलं जाणार नाही. खाली त्यांची सही नाहीतर अंगठा. कारण साधं आहे. त्यांनी नावं घेतली आहेत. ज्यांची नावं घेतली त्यांच्याच वावरात यांची नातवंडं आजही कामाला जातात. म्हातारी माणसं स्वतःसाठी भीत नव्हती. मी शब्द दिला म्हणून ती बोलली.

तेव्हा प्रत कुणालाच देता येणार नाही. तुला तर नाहीच.

आता मन स्वस्थ आहे. महिन्याभरात पहिल्यांदा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तुझा
रामराव

०

पुणे
८ मार्च २०२५

प्रिय रामराव,

हे पत्र हातात पडताच आधी तिजोरी उघड आणि दोन्ही डिस्क बाहेर काढ. मग पुढचं वाच.

काढल्यास? मी चुकलो. सोळा वर्षं झाली मला निवृत्त होऊन आणि मी जुन्या तोऱ्यात तुला उत्तर ठोकून दिलं. काल पियूष भेटायला आला होता, माझ्या हाताखाली शिकलेला, आता तोच तपासणीचा साहेब आहे. त्याला कौतुकानं सांगितलं, तर त्याचा चेहराच पडला. म्हणाला, सर, ती कागदाची तिजोरी आहे. मी लगेच तुझा मोबाइल लावला, कुणी उचलला नाही, आणि रवीचा नंबर माझ्याकडे नाही, तो कळव.

नीट समजून घे. ज्या तिजोरीवर तास लिहिलेला असतो ती कागदासाठी केलेली असते. बाहेर भट्टी पेटली तरी आत पावणेदोनशे अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. तेवढ्या उष्णतेत कागद तपकिरी होतो, पण जळत नाही. डिस्क मात्र पन्नास-बावन्न अंशांच्या वर धड राहील याची खात्री नाही. यवतमाळात मे महिन्यात सावलीतच सेहेचाळीस असतं, म्हणजे किती जागा उरली बघ. दुसरं त्याहून वाईट. त्या तिजोरीच्या भिंतीत जो मसाला भरतात त्यात पाणी असतं. तापलं की त्याची वाफ आत येते आणि कागदाला वाचवते. डिस्क त्या वाफेत उकडून निघेल. मी भट्टीतून वर्तमानपत्रं काढली, पण त्यात कधी डिस्क ठेवून पाहिली नव्हती. आमच्या काळी कुणी ठेवतच नव्हतं.

डेटासाठी वेगळी तिजोरी असते. तिच्या लेबलवर डिस्क-टेपसाठी असं स्पष्ट लिहिलेलं असतं, दाराला दुहेरी रबर असतं, आत आणखी एक पेटी असते. पियूष नागपूरच्या विक्रेत्याकडून ती मिळवून देतो आहे. तोवर डिस्क पत्र्याच्या डब्यात घालून दुसऱ्याच्या घरी ठेव, कुणाच्याही. आणि तिजोरी कापसात? रामराव, तू शेतकऱ्याचा मुलगा ना? कापूस वरून विझला तरी आतून दोन-दोन दिवस धुमसतो. तासाचं लेबल तिथं काय कामाचं? हे तू आधी लिहिलं होतंस, पुढच्या खोलीत कापूस आहे म्हणून, आणि मी ते वाचलंच नाही नीट.

आता दुसरं. 'तुला तर नाहीच' हे शब्द मी चार वेळा वाचले. पन्नास-पंचावन्न वर्षं एका ताटात जेवलो आपण. यवतमाळच्या खोलीवर माझ्या घरून आलेला डबा तू खायचास आणि तुझ्या आईची भाकर मी. शेवटी मी त्यांच्यातलाच, असंच ना? तसं असेल तर तसं लिही. वाईट वाटलं. पण ते राहू दे बाजूला, डिस्क बाहेर काढ.

तुझा
अवधूत

०

बोरी अरब
१४ मार्च २०२५

प्रिय अवधूत,

जय भीम. पत्र वाचलं आणि तसाच कापसात शिरलो. रवीनं मला कमरेला धरून बाहेर ओढलं, त्याला वाटलं मला चक्कर आली. डिस्क काढल्या.

दुसऱ्याच्या घरी ठेव म्हणतोस. कुणाच्या? इथं ज्याच्याकडे ठेवीन त्याचा कुणीतरी कुणाच्या तरी रेकॉर्डिंगमध्ये आहे. आणि मी घराबाहेर नेणार नाही असं लिहून दिलं आहे. म्हणून दोन्ही डिस्क कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवल्या. दोन दिवस तसाच जेवलो, तसाच झोपलो, आंघोळीच्या वेळी पिशवी खुंटीला आणि नजर खुंटीवर. कांताबाईनं पाटीवर लिहिलं, 'लग्न झाल्यापासून मले कदी इतकं जवळ घेतलं नाही, जितकं त्या पिशवीले घेऊन राह्यले.' हसलो, पण मला रडूही येत होतं. मला त्या माणसांचे आवाज आता ऐकू येत नाहीत. डिस्क हातात धरली की आहेत, एवढंच कळतं.

काल दारव्ह्याला जावं लागलं, गळ्यात आहे तोवर ती घरातच असं मनाला समजावून पिशवी सोबत नेली, आणि स्टँडवर गर्दीत धक्का लागून पडलो. कोपर फुटलं ते जाऊ दे. एक डिस्क फरशीवर आपटली. घरी येऊन रवीच्या कॉम्प्युटरला लावली तर ती दिसतच नाही. दुसरी चालू आहे. आता उरली एकच.

ही पिशवी घेऊन मी फिरलो तर आगीआधी मीच सगळं संपवीन. म्हणून चालू असलेली आणि पडलेली, दोन्ही पुन्हा तिजोरीत ठेवल्या आहेत. चिडू नकोस. नवी तिजोरी येईपर्यंतचा प्रश्न आहे, दोन आठवड्यांचा. रवीनं कापूस विकायचं कबूल केलं आहे, गाडी मिळाली की नेतो. कधी येते तुमची तिजोरी? तारीख कळव, मी दिवस मोजतो आहे.

'तुला तर नाहीच' हे जातीवरून लिहिलं नव्हतं. कारण विचारू नकोस. मैत्रीपायीच लिहिलं होतं एवढं धर.

तुझा
रामराव

०

पुणे
१९ मार्च २०२५

रामराव,

रवीचा नंबर तू अजून कळवला नाहीस, म्हणून हे लगेच लिहितो आहे. डिस्क आत ठेवू नकोस. पडेल, हरवेल, चालेल, पण त्या तिजोरीत नको. पत्र्याचा डबा, त्यात डिस्क, आणि डबा मागच्या अंगणात झाडाखाली मातीत. तेवढी जागा तरी कापसापासून लांब आहे. तेही तुझंच घर आहे, तुझा शब्द मोडत नाही.

नवी तिजोरी दोन एप्रिलला नागपूरहून निघेल. त्याआधी होत नाही. पियूषनं दोनदा फोन केले, मी चारदा. दरम्यान आग लागलीच तर एक लक्षात ठेव. आग विझल्यावर निदान दोन दिवस तिजोरी उघडायची नाही. हात लावून गार लागली तरी नाही. आतून ती तापलेलीच असते. दार उघडलं की बाहेरची हवा आत जाते आणि जे वाचलं असतं तेही जातं. हे रवीला पाटीवर लिहून दाखव. भिंतीवर लिहून ठेव.

माझ्यामुळे तू ती तिजोरी घेतलीस. मला झोप नाही. कारण विचारू नकोस म्हणालास, नाही विचारत.

अवधूत

०

बोरी अरब
६ एप्रिल २०२५

प्रिय अवधूत,

तुझं एकोणीस तारखेचं पत्र पंचवीसला आलं. आग चोवीसला लागली होती.

दुपारची वेळ होती. कूलरच्या वायरला ठिणगी उडाली असं रवी म्हणतो. मी मागच्या अंगणात चष्मा पुसत बसलो होतो. मला ओरडणं ऐकू आलं नाही. धूर दिसला तेव्हा कांताबाई माझा हात ओढत होती. माणसं सगळी बाहेर निघाली. कुणाला काही झालं नाही, हे आधी सांगायला हवं होतं.

टँकर आला, गाव धावलं. ज्यांची नावं डिस्कमध्ये आहेत त्यांच्या घरची पोरंही बादल्या घेऊन आली होती, हे मी पाहिलं. संध्याकाळपर्यंत ज्वाळा गेल्या. तू म्हणालास तसा कापूस आतून धुमसतच राहिला. ढीग उकरला की लाल दिसायचं. त्या ढिगाखाली तिजोरी होती. मी रात्र अंगणात काढली. सकाळी पाहिलं तर तिजोरीचा रंग गेला होता, पण दार जसंच्या तसं. मला वाटलं आत सगळं जिवंत आहे आणि क्षणाक्षणाला भाजतं आहे. मी रवीला म्हणालो, उघड. तो मान हलवत होता, तोंडानं काहीतरी सांगत होता. पाटी जळून गेली होती. मी ओरडत राहिलो, उघड, उघड. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं ओरडतो ते कळत नाही. किल्ली फिरेना, तेव्हा रवीनं दाराला लोखंडी सब्बल घातली. दार उघडताना त्याचे दोन्ही तळवे भाजले. आतून वाफेचा लोट आला.

पोस्टमन त्यानंतर दोन तासांनी तुझं पत्र घेऊन आला. तिथंच राखेत उभं राहून वाचलं.

अंगठ्यांची वही धड आहे. पानं ओली झाली, कडा तपकिरी झाल्या, पण एकूण एक अंगठा दिसतो. एक्केचाळीस अंगठे-सह्या, एक्केचाळीस नावं, खाली माझं वचन. तुझी तिजोरी कागदाला प्रामाणिक निघाली. डिस्क फुगल्या होत्या, प्लास्टिक ओघळलं होतं.

यवतमाळचा फुलचंद हे काम करतो. त्याच्याकडे चार दिवस बसून राहिलो. पडलेली डिस्क हललीच नाही. दुसरी एकदा फिरली, त्यानं हातानं खूण केली की खरखरते आहे, आणि बंद पडायच्या आत त्यानं मिळालं तेवढं काढून घेतलं. सहा फाइली. पस्तीस माणसं गेली, अवधूत. बहुतेक मेली होतीच, पण माझ्याकडे होती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून जे आयुष्यात कुणाला सांगितलं नाही ते सांगितलं आणि मी ते एका खोलीत कापसाखाली ठेवलं. प्रत केली असती तर शब्द मोडला असता. शब्द पाळला तर हे झालं. कुठं चुकलं ते मला अजून सांगता येत नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही.

या सहा फाइलींत आवाज आहे की नुसती खरखर, ते मला कळत नाही. पडद्यावर हिरवी रेघ हलते. फुलचंदला स्पीकर लावू दिला नाही. इथं कुणाला ऐकवू शकत नाही. रवीला नाही, कांताबाईला नाही. मी माझा शब्द मोडून सहाही फाइली पेनड्राइव्हवर घालून तुला पाठवतो आहे. ऐक. आवाज असेल तर शब्दन् शब्द कागदावर उतरव, कागद तरी टिकतो. नसेल तर तसं लिही.

आता ते कारण. सहांमध्ये सतरा नंबरची फाइल आहे. रुखमाबाई. लग्न होऊन बोरीत आल्या, माहेर तुझं गाव. चार वर्षांपूर्वी वारल्या. त्यात तुझ्या वडिलांचं नाव आहे. रुखमाबाईंचा नातू आज तुझ्या चुलतभावांकडेच सालदार आहे. म्हणून 'तुला तर नाहीच'. त्यांच्यासाठीही आणि तुझ्यासाठीही. सतरा नंबर काढून पाच फाइली पाठवाव्या असं दोन दिवस मनात होतं. पण मग उरलेल्यांपैकी एक मीच जाळली असती.

सतरा नंबरात काही नाही असं तू लिहिलंस तर मी ते खरं मानीन. मला तपासता येणार नाही आणि दुसऱ्या कुणाकडून मी तपासून घेणार नाही.

नवी तिजोरी परवा आली. रिकामी आहे.

रामराव

०

पुणे
१९ एप्रिल २०२५

प्रिय रामराव,

पेनड्राइव्ह बारा तारखेला मिळाला. गौरीला खोलीबाहेर काढलं, तिला काही सांगितलं नाही. हेडफोन लावून आठवडाभर बसलो आहे. उत्तराला वेळ लागला तो त्यामुळे.

चार फाइलींत काही नाही. नुसती खरखर, मधेच एखादा कोंबडा आरवल्यासारखं वाटतं, शब्द नाही. त्या चारही मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या, एकेक तीनदा. कुठं माणूस बोलेल म्हणून. नाही बोलला. पियूषनं त्याच्या ओळखीच्या माणसाकडे देऊ का विचारलं, मी तुझ्या परवानगीशिवाय देणार नाही.

नऊ नंबरची फाइल उकंडाजींची आहे. बारा मिनिटं आहेत, पुढचं तुटलं आहे. नागपूरला दीक्षेला निघताना बायकोसाठी पांढरं लुगडं शेजारून मागून आणलं आणि परत द्यायला गेले तर शेजारीण म्हणाली, राहू द्या, आता तुमचंच झालं, तेवढं पूर्ण आहे. ते सांगताना ते हसतात. तूही हसतोस मागे, रामराव. तुझा जुना आवाज आहे त्यात. उतरवून सोबत जोडलं आहे.

सतरा नंबरची पूर्ण आहे. सत्तेचाळीस मिनिटं.

ती ऐकायला घेतली आणि अकराव्या मिनिटाला बंद केली. दोन दिवस हात लावला नाही. तुला खरं सांगतो, 'काही नाही' असं लिहिलेलं एक पत्र मी तयार केलं होतं. पाकिटात घातलं होतं. गौरी पोस्टात न्यायला आली तेव्हा म्हणालो, राहू दे, चूक झाली आहे. मग पुन्हा हेडफोन लावले. सगळं उतरवून पाठवतो आहेच, पण अकराव्या मिनिटाचं इथंही लिहितो, कारण ते माझ्या हातानं तुला लिहायला हवं.

'आमी मेलेली ढोरं ओढनं सोडलं न् गावानं पानी बंद केलं. माह्या लहान्या भावाले ताप होता, जीभ कोल्डी पडली होती त्याची. मी शिरीकिसन पटवाऱ्याच्या आंगनाबाहीर जाऊन उभी राह्यली. म्हटलं, लोटाभर द्या. त्याइची बाई पानी घेऊन आली. तितक्यात थो बाहीर आला. म्हने, सांडव ते. बाई तशीच उभी. मंग डबल म्हने, धर्म बदलला ना, आता पानी बी दुसरं पाहा म्हना. बाईनं लोटा उलटा केला मातीत. मंग पदरानं थो रिकामा लोटा पुसत राह्यली, मी पाह्यलं. उंबरठ्यावर त्याइचं पोरगं टेंभरं खात बसलं होतं, पाचसहा वर्साचं. बिया थुकत होतं न् माह्याकडं पाहून राह्यलं होतं. भाऊ तिसऱ्या दिवशी गेला. तापानं गेला का पान्यानं, आता कोन सांगन. पन मले अजून थो मातीतला ओला डाग दिसते, मास्तर.'

ते पोरगं मी आहे. मी एकुलता एक होतो आणि सत्तावन्नच्या उन्हाळ्यात सहा वर्षांचा होतो. आठवायचा फार प्रयत्न केला. टेंभरं आठवतात. कोण उभं होतं ते आठवत नाही. ती पंधरासोळा वर्षांची मुलगी होती आणि मी तिच्याकडे पाहत होतो असं ती सांगते, आणि माझ्याजवळ त्यातलं काही नाही. माझी आई पुढं आयुष्यभर दारात आलेल्या कुणालाही आधी पाणी द्यायची. माणूस नको म्हणाला तरी द्यायची. आम्ही तिची चेष्टा करायचो. हे तिनं कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलंही नाही. वडिलांचा मला अभिमान होता, तो आता कुठं ठेवायचा ते कळत नाही. फाइलीवर २०१४ ची तारीख आहे; तू हे अकरा वर्षं मनात ठेवून माझ्याशी तसाच बोललास, याचं काय करू तेही कळत नाही.

त्या नातवाच्या पोटावर माझ्यामुळे पाय येणार नाही. चुलतभावांना मी एक अक्षर बोलणार नाही. दहा वर्षं पूर्ण होतील तेव्हा आपण दोघंही बहुधा नसू, तेव्हा हे कुणी जपायचं ते तू ठरव. पेनड्राइव्ह उलट टपाली पाठवतो आहे, माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही. त्याच्यासोबत उतरवलेली एकोणतीस पानं आहेत. शाईनं लिहिली आहेत, एका बाजूनं.

ती वडिलांचं नाव तीनदा घेते. तीनही ठिकाणी तिनं घेतलं तसंच लिहिलं आहे, गाळलेलं नाही. तुला ऐकू येत नाही म्हणून सांगतो. सुरुवातीची थोडी खरखर सोडली तर आवाज स्वच्छ आहे.

अवधूत